डोंगरापलीकडची चौदा पिंपं

इशाची नमाज झाली, जेवणे उरकली आणि उद्याचे पाठ टाचण लिहून झाले की मी आसामातून चीनला निघतो. वाचकांनी दचकू नये. माझ्याकडे पासपोर्ट नाही आणि खऱ्या विमानात मी आजवर एकदाही बसलेलो नाही. हे सारे घडते ते आमच्या घराच्या मधल्या खोलीत, जुन्या बाजारातून घेतलेल्या संगणकावर. हाताशी एक स्वस्तातली जॉयस्टिक असते आणि मागे खाटेवर अब्बा टेकून बसलेले असतात.

विमान चालवण्याचा हुबेहूब सराव देणाऱ्या प्रणालीला सिम्युलेटर म्हणतात. माझ्याकडे ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची २००३ साली निघालेली आवृत्ती आहे. त्या वर्षी राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला शंभर वर्षे पूर्ण झाली, म्हणून तिच्यात इतिहासात गाजलेली जुनी विमाने घातली होती. २०२० आणि २०२४ साली निघालेल्या आवृत्त्यांत उपग्रहावरून टिपलेली खरी जमीन दिसते. पण ते माझ्या यंत्राला पेलणारे नाही. माझ्या आवृत्तीतले डोंगर चुरगाळून उलगडलेल्या कागदासारखे दिसतात. तरी त्यांच्या उंच्या जवळपास खऱ्या आहेत आणि आदळले की विमान फुटते. मला तेवढे पुरते.

माझे विमान एकच, डग्लस डीसी-३. १७ डिसेंबर १९३५ रोजी ते पहिल्यांदा उडाले. दुसऱ्या महायुद्धात त्याचेच लष्करी मालवाहू रूप सी-४७ या नावाने निघाले आणि दहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. इंग्रजांनी त्याला डाकोटा म्हटले आणि आपल्याकडेही तेच नाव रूढ झाले. दोन इंजिने, प्रत्येकी चौदा सिलिंडरांचे आणि सुमारे १२०० अश्वशक्तीचे. शेपटीखाली एक छोटे चाक, त्यामुळे जमिनीवर उभे असताना त्याचे नाक आभाळाकडे असते. हवेचा दाब राखणारी सोय त्यात नाही. उंचीवर गेले की वैमानिकाला प्राणवायूचा मुखवटा लावावा लागे आणि थंडी सोसावी लागे. वेग म्हणाल तर तासाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

मी हे विमान मुंबई-पुण्याच्या आकाशात फिरवत नाही. माझी वाट ठरलेली आहे. आसामातल्या दिब्रुगडजवळच्या मोहनबारी धावपट्टीवरून निघायचे आणि सुमारे ८०० किलोमीटरवरच्या चीनच्या युन्नान प्रांतातल्या कुनमिंगला उतरायचे. ही वाट मी शोधलेली नाही. १९४२ ते १९४५ या काळात हजारो तरुण वैमानिकांनी ती तुडवली आणि तिला नाव दिले ‘हम्प’. बैलाच्या खांद्यावर वशिंड असते ना, तसे हे हिमालयाच्या पूर्व टोकाचे वशिंड.

त्या वाटेची गरज का पडली, हे थोडक्यात सांगतो. जपानने चीनचा समुद्रकिनारा ताब्यात घेतला होता. बाहेरून माल यायला ब्रह्मदेशातला एक रस्ता उरला होता. १९४२ च्या एप्रिलअखेर लाशियो पडले आणि तोही बंद झाला. आता चीनला पेट्रोल, दारूगोळा, सुटे भाग, औषधे पोहोचवायची तर आकाशाशिवाय मार्ग नव्हता. म्हणून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात छबुआ, दिनजान, सुकेराटिंग, मोहनबारी, जोरहाट अशा ठिकाणांहून अमेरिकी लष्कराची विमाने उडू लागली. चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन या कंपनीची विमानेही त्यांच्या जोडीला होती. साडेतीन वर्षांत सुमारे साडेसहा लाख टन माल डोंगरापलीकडे गेला. त्यासाठी सुमारे सहाशे विमाने पडली, हरवली किंवा मोडीत निघाली आणि सोळाशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. चांगल्या हवेच्या दिवशी खालच्या दऱ्यांत पडलेल्या विमानांचे पत्रे चकाकताना दिसत. वैमानिक त्या वाटेला ‘ॲल्युमिनियमची पायवाट’ म्हणू लागले.

भूगोलाच्या नकाशावर डोंगर म्हणजे तपकिरी रंगाचा पट्टा. मी वर्गात वर्षानुवर्षे तो पट्टा पट्टीने दाखवत आलो. मोहनबारीहून भरलेले डाकोटा घेऊन निघालो तेव्हा त्या पट्ट्याला पहिल्यांदा उंची आली. मोहनबारी समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे फुटांवर आहे. पुढे पटकाईच्या रांगा, मग चिंद्विनचे वरचे खोरे, मग कुमोनचे डोंगर, मग इरावतीचे दोन फाटे. त्यापलीकडे साल्विन आणि मेकाँग या दोन नद्या एकमेकींना जवळजवळ खेटून दक्षिणेकडे वाहतात आणि त्यांच्यामध्ये पंधरा हजार फुटांची भिंत उभी आहे. तीच खरी ‘हम्प’. एवढी उंची गाठायला भरल्या विमानाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. घाई केली तर वेग उतरतो, आणि वेग उतरला की विमान वर जायचे सोडून खाली यायला लागते.

त्यात हवा. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग या भिंतीला धडकतात. हिवाळ्यात पश्चिमेकडून वारे येतात आणि कधीकधी त्यांचा वेग तासाला दीडशे किलोमीटरच्या वर जातो. चीनकडे जाताना हे वारे पाठीवर घेतात आणि परतताना तेच वारे छातीवर बसतात. डोंगर ओलांडून आलेली हवा पलीकडच्या बाजूला खाली कोसळते आणि विमानाला सोबत ओढून नेते. ढगात शिरले की पंखांवर बर्फ धरतो. पंखांचा आकार बिघडतो, वजन वाढते, कार्ब्युरेटरमध्येही बर्फ साचून इंजिन घुसमटते. पंखांच्या कडेला रबराच्या पट्ट्या असतात. त्या फुगवून बर्फ फोडायचा, पण बर्फ त्याहून लवकर धरू लागला की उपाय राहत नाही. भरलेले डाकोटा एका इंजिनावर त्या उंचीवर तग धरू शकत नसे. मग पिंपे ढकलून द्यायची, नाहीतर पॅराशूट घेऊन उडी मारायची.

२ ऑगस्ट १९४३ रोजी कर्टिस सी-४६ जातीच्या एका विमानाचे डावे इंजिन नागा टेकड्यांवर बंद पडले. आत २१ जण होते. त्यांत एरिक सेव्हराइड हे अमेरिकी रेडिओ पत्रकार होते. सर्वांनी उड्या घेतल्या. सहवैमानिक वाचला नाही, बाकीचे २० जण वाचले. ज्या नागा गावाजवळ ते पडले, तिथले लोक शिरच्छेदासाठी प्रसिद्ध होते. त्यांनीच या परक्यांना आसरा दिला. जखमींवर उपचार करायला डॉन फ्लिकिंगर नावाचे लष्करी डॉक्टर दोन सहकाऱ्यांसह विमानातून स्वतः उडी मारून खाली उतरले. मी ही हकिकत वर्गात सांगितली तेव्हा मुले त्या डॉक्टरच्या उडीपाशी बराच वेळ थांबली. पडलेल्यांनी उडी मारली ती नाइलाजाने. पण ज्याचे विमान धड होते, त्याने का मारली? मुलांनी आपापसात उत्तरे दिली, मी मध्ये पडलो नाही.

आता अब्बांविषयी सांगायला हवे, कारण त्यांच्यावाचून ही हकिकत अपुरी राहील. अब्बांनी तीस वर्षे ट्रक चालवला. कराडहून गूळ, कांदा, सिमेंट भरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरायचे आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन वर यायचे. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. पडदा त्यांच्यासाठी नाहीच. ते विमान ऐकतात.

पहिल्या काही दिवसांत ते काही बोलले नाहीत. एके रात्री पटकाई ओलांडत असताना मागून आवाज आला, “दोनों इंजन का सुर एक नहीं है, बाबा. एक आगे भागता, एक पीछे रहता.” मी तबकडी पाहिली. दोन प्रोपेलरच्या फेऱ्यांत थोडाच फरक होता. जुळ्या इंजिनांच्या विमानात असा फरक पडला की आवाजात एक चढउतार येतो, घुंऽऽ घुंऽऽ अशा लाटा उठतात. त्या काळचे वैमानिक या लाटा कानाने ऐकून दांडा किंचित मागेपुढे करत आणि दोन्ही प्रोपेलर एका सुरात आणत. हे मी पुस्तकात वाचले होते. अब्बांनी ते वाचलेले नव्हते. मी दांडा केसभर मागे घेतला. लाटा लांबत गेल्या आणि नाहीशा झाल्या. “अब ठीक,” अब्बा म्हणाले आणि पाय पसरून बसले.

तेव्हापासून सूर जुळवण्याचे काम त्यांच्याकडे आहे. त्यांचे प्रश्नही बदलले. आधी विचारत, “कितनी दूर आया?” आता विचारतात, “माल कितना है?” मी सांगितले, सुमारे सव्वादोन ते अडीच टन. ते हसले. “बस? हमारी बाराशे दस नऊ टन खींचती थी.” मग थोडे थांबून म्हणाले, “लेकिन उसके नीचे रस्ता था.”

माझ्या पत्नीला या प्रकाराचे फारसे कौतुक नाही. ती म्हणते, “तुमारे विमान में पेट्रोल भरे, घर का सिलिंडर कब भरते?” हा प्रश्न बरोबर आहे आणि मी सिलिंडर भरून आणतो. त्याहून अवघड प्रश्न मशिदीतल्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारला. ते म्हणाले, “मास्तर, या वयात गेम? वक्त का हिसाब देना पडेगा.” मी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. वेळेचा हिशेब द्यावा लागणार आहे, यावर माझाही विश्वास आहे. आमच्या समाजात कष्टकऱ्याच्या विरंगुळ्याकडे संशयाने पाहिले जाते आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. रात्र रात्र मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली पोरे मी रोज पहिल्या तासाला जांभया देताना पाहतो. पण विरंगुळा माणसाला कुठे नेतो, हेही पाहायला हवे. मला त्याने चुरगाळलेल्या कागदाच्या डोंगरांतून खऱ्या माणसांपर्यंत नेले.

त्यासाठी मी स्वतःवर काही बंधने घातली आहेत. सिम्युलेटरमध्ये एक कळ दाबली की काळ थांबतो. विमान हवेत लटकून राहते, तुम्ही चहा पिऊन येऊ शकता. दोन कळा दाबल्या की फुटलेले विमान पुन्हा धावपट्टीवर धड उभे राहते. या दोन्ही सोयी मी वापरत नाही. चीनपर्यंत चार तास लागतात. शाळेच्या दिवसांत ते परवडत नाही, म्हणून खेप शनिवारी रात्रीच पूर्ण करायची आणि बाकीचे दिवस टेकड्यांपर्यंत जाऊन परत यायचे. माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात तारीख, वजन, हवा आणि शेवट लिहितो. आतापर्यंत ६३ खेपा झाल्या, त्यांतली ११ विमाने पोहोचली नाहीत. जे पोहोचले नाही, त्याच्यापुढे तेवढेच लिहायचे आणि त्या रात्री दुसरे विमान काढायचे नाही. ज्यांना पुन्हा धावपट्टीवर उभे राहता आले नाही, त्यांच्या वाटेवरून जाताना एवढे तरी राखावे, असे मला वाटते.

अब्बांनी एकदा विचारले, इतकी विमाने का पडली? मी डोंगर, बर्फ, वारा सांगितला. त्यांचे समाधान झाले नाही. “घाट तो सबको एकच रहता. फिर बोलो.” म्हणून मी आणखी वाचले आणि मला जे सापडले ते असे. सुरुवातीच्या काळात ठरावीक तास उड्डाण पूर्ण केले की वैमानिकाला घरी जाता येई. साहजिकच विशी-बाविशीची ती मुले लवकर घरी जाण्यासाठी रोज उडत. दिवसातून एक फेरी, कधी दोन, झोप अपुरी, डोळ्यांत चिकटा. शिवाय वरून दर महिन्याला वाढत्या टनांची मागणी. रात्रीची उड्डाणेही सुरू झाली. १९४४ च्या सप्टेंबरात विल्यम टनर या अधिकाऱ्याकडे या कामाची सूत्रे आली. त्यांनी तासांची अट वाढवून ७५० केली आणि तिच्या जोडीला वर्षभर राहण्याची अट घातली. म्हणजे घाईने तास भरण्यात अर्थच उरला नाही. विमानांच्या दुरुस्तीचे काम टप्प्याटप्प्याने, कारखान्यासारखे बांधून दिले. अपघातांचे प्रमाण उतरले आणि माल मात्र वाढला. १ ऑगस्ट १९४५ रोजी चोवीस तासांत अकराशेहून अधिक फेऱ्या झाल्या आणि एकही माणूस दगावला नाही. याच टनरांनी पुढे १९४८-४९ मध्ये बर्लिन शहराला हवाई मार्गाने कोळसा आणि धान्य पोहोचवण्याचे काम सांभाळले.

अब्बा सगळे ऐकत होते. ‘ठरावीक तास झाले की घरी’ एवढे ऐकताच म्हणाले, “खेप पे हिसाब था ना? मग नींद कौन लेता?”

आणि मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी माझ्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली. मी शाळेत असतानाची गोष्ट. त्यांच्या मालकाकडे पगार नव्हता, खेपेमागे पैसे होते. त्या पावसाळ्यात मालकाने आठवड्यात सहा खेपा केल्या तरच बिदागी देईन असे सांगितले होते. अब्बांच्या पुढे त्यांच्या दोस्ताची गाडी होती. गाडीवर क्लीनर म्हणून सतरा-अठरा वर्षांचे एक पोर होते. सलग तिसरी रात्र. धुके इतके की दिव्याचा उजेड परत डोळ्यावर येई. दोस्ताला घाटात झापड आली. तो वाचला, ते पोर दरीत गेले. अब्बा उतरले, दोरी घेऊन खाली गेले, पण उपयोग झाला नाही. मालकाने मयताच्या खर्चाला काही रक्कम दिली आणि ती दोस्ताच्या पुढच्या खेपांतून कापून घेतली. 

“उसकी अम्मा पूछी, नींद क्यों आई? मैं क्या बोलू? बोल्या, बारिश थी.”

अम्मीलाही हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे अब्बा पाऊस होता एवढेच सांगत आले. घाट, धुके, पाऊस यांच्यावर टाकलेले ते ओझे त्या रात्री त्यांनी खाली उतरवले आणि हिशेब खेपेचा होता हे बोलून दाखवले. त्यांनी मला वहीच्या शेवटच्या पानावर त्या पोराचे नाव लिहायला लावले. ते नाव मी इथे देत नाही, त्याचे नातलग आहेत. पण ते लिहिलेले आहे.

नववीच्या वर्गाला मी एकदा या वाटेवरून गणित घातले. भूगोलाच्या तासाला गणित आले म्हणून मुले कुरकुरली. गणित असे होते: एका विमानात प्रत्येकी २०० लिटरची १४ पिंपे पेट्रोल नेले. विमानाचे जाणे-येणे मिळून आठ तास लागले. दर तासाला विमान स्वतः सुमारे ३५० लिटर पेट्रोल पिते. तर किती पोहोचले आणि किती जळले? मुलांनी फळ्यावर मांडले. चौदा गुणिले दोनशे, दोन हजार आठशे. आठ गुणिले साडेतीनशे, दोन हजार आठशे. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, फिर बचा क्या?”

मी तिला पुस्तकातले उत्तर दिले. चीन युद्धात टिकून राहिला आणि जपानचे मोठे सैन्य तिथे अडकून पडले. विमानांनी परतताना टंगस्टन, कथील आणला, चिनी सैनिक बिहारमधल्या रामगडला प्रशिक्षणासाठी आणले (ते रामगड आज झारखंडात आहे). उत्तर खोटे नव्हते. पण मुलीचा प्रश्न त्याहून मोठा होता, हे मला घरी येताना जाणवत राहिले.

कारण हिशेबात न धरलेली माणसे आणखी आहेत. ज्या धावपट्ट्यांवरून ही विमाने उडाली, त्या कुणी बांधल्या? चहाच्या मळ्यांतून आणलेल्या मजुरांनी. बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून दगड वाहत, हातोडीने खडी फोडत. वैमानिकांच्या आठवणींच्या पुस्तकांतून त्या छायाचित्रांच्या कडेला दिसतात, पण त्यांची नावे छापलेली नसतात. आणि हीच विमाने आसामात पेट्रोलची पिंपे भरत होती, त्याच १९४३ साली शेजारच्या बंगालमध्ये माणसे भुकेने रस्त्यावर मरत होती. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. आगगाड्यांवर आणि नावांवर पहिला हक्क युद्धाचा होता. पंधरा हजार फुटांची भिंत ओलांडून माल नेता येतो, हे जगाला दाखवून देणाऱ्या त्या वर्षांत सपाट जमिनीवरून तांदूळ मात्र भुकेल्यापर्यंत पोहोचला नाही. यात वैमानिकांचा दोष नाही. पण त्यांच्या शौर्याची गोष्ट सांगताना खालची जमीन वगळली तर गोष्ट अर्धीच राहते.

डाकोटाने आपल्या देशातही डोंगर ओलांडले आहेत. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहला डाकोटा उतरवले. तिथे विमान उतरण्याची ती पहिलीच वेळ. जुन्या डाकोटापैकी एक दुरुस्त होऊन २०१८ साली ‘परशुराम’ या नावाने भारतीय वायुसेनेत पुन्हा दाखल झाले आहे. त्याची चित्रफीत मी अब्बांना ऐकवली. ते म्हणाले, “इसके दोनों एक सुर में हैं.”

कुनमिंगला उतरणे मला विशेष आवडते, त्याला आणखी एक कारण आहे. शहराच्या दक्षिणेला द्यान-ची नावाचे मोठे सरोवर आहे. डोंगरांतून बाहेर पडल्यावर ते दिसले की जिवात जीव येतो. या सरोवराभोवती आपल्या इतिहासाचा एक विसरलेला कोपरा आहे. कुबलाई खानाने १२७४ साली युन्नानचा कारभार बुखाऱ्याच्या सय्यद अजल शम्सुद्दीन उमर यांच्याकडे सोपवला. त्यांनी धरण बांधले, कालवे काढले, मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसचे मंदिरही बांधले. १२७९ साली ते तिथेच वारले. याच सरोवराकाठी १३७१ साली झेंग ह यांचा जन्म झाला. त्यांचे वडील हाजी म्हणून ओळखले जात. १४०५ ते १४३३ या काळात झेंग ह यांच्या आरमाराने सात सफरी केल्या आणि ते आपल्या कालिकतपर्यंत आले. कुनमिंगमध्ये आजही मशिदी आहेत, अजान होते. मुलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना चीन थोडा जवळचा वाटला. दुसऱ्याच्या मुलखात जाऊन पाण्याची सोय करणारा आणि दोन्ही धर्मांची घरे बांधणारा माणूस, ही ओळख आमच्या मुलांना असायला हवी. तलवारीच्या ओळखी त्यांना सगळे जग करून देतेच आहे.

मी जिथे उतरतो ती वूजियाबा धावपट्टी आज अस्तित्वात नाही. २०१२ साली कुनमिंगला नवा विमानतळ झाला आणि जुना बंद केला गेला. माझ्या २००३ च्या आवृत्तीला हे ठाऊक नाही. तिच्या जगात धावपट्टी अजून आहे, दिवे अजून लागतात.

खऱ्या डोंगरांत मात्र शोध अजून संपलेला नाही. अरुणाचल प्रदेशातल्या जंगलांत त्या विमानांचे सांगाडे सापडत राहतात. २०१६ साली तिथे मिळालेले काही मानवी अवशेष अमेरिकेला परत पाठवले गेले. सत्तर वर्षांनंतर कुणाच्या तरी घरी निरोप गेला. २०२३ साली अरुणाचलातल्या पासीघाटला या वाटेचे संग्रहालय उघडले. तिथे डोंगरांतून गोळा केलेले विमानांचे भाग ठेवले आहेत. कधीतरी नववीची सहल तिकडे न्यावी असे मनात येते. मग आमच्या मुलांची पन्नास रुपयांची वर्गणीही किती ओढाताणीने जमते ते आठवते.

त्या मुलीला मी आता दुसरे उत्तर दिले आहे. दुसऱ्या सत्रात तोच धडा पुन्हा आला तेव्हा मी तिला उभे केले आणि म्हणालो, तुझे गणित बरोबर होते, पेट्रोलचा हिशेब शून्यच येतो. पण हिशेबात पेट्रोलच धरले तर असेच होणार. त्यात वैमानिकाची झोप धर, खडी फोडणारी बाई धर, बंगालमधला तांदूळ धर, उडी मारणारा डॉक्टर धर, आणि मग सांग काय उरले. ती विचार करत उभी राहिली. म्हणाली, “सर, इतना सब फळ्यावर नहीं बैठेगा.” मी म्हणालो, वहीत लिही. तिने लिहायला घेतले. पहिल्या ओळीत काय धरायचे याबद्दल शेजारच्या मुलीशी तिचा वाद सुरू झाला आणि तास संपल्याची घंटा झाली तरी तो चालू होता.